‘मोरॅटोरियम’ म्हणजे व्याजमाफी नव्हे

“शिकतोय तोवर कर्जाला व्याज लागत नाही.” शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. खरं इतकंच, की शिक्षण आणि त्यानंतर साधारण 1 वर्ष हप्ता भरावा लागत नाही; या सवलतीच्या काळालाच ‘मोरॅटोरियम’ म्हणतात. व्याजाचं मीटर मात्र पहिला पैसा कॉलेजला गेला त्याच दिवशी सुरू होतं.

समजा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी सुरुवातीला 1 लाख उचलले, दर 10 टक्के, सरळव्याज. पाच वर्षांनी पहिल्या लाखावर 50 हजार, मग 40, 30, 20. एकूण 1 लाख 40 हजार! हे मुद्दलात मिळवूनच हप्ता ठरतो. त्यामुळे जमेल तसं व्याज आधीच भरत राहिलेलं बरं. काही बँका त्यासाठी दरात सवलतही देतात.

मग हा गैरसमज आला कुठून? बहुधा केंद्राच्या व्याज अनुदान योजनेवरून. तिथे या काळातलं व्याज सरकार भरतं, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल तरच. शेजारच्या मुलाला ते मिळालं, म्हणून आपल्यालाही मिळेलच असं नाही.