साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : मुंबईतल्या घरांचे नियम कसे घडले

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये खालच्या मजल्यावरच्या घरांत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. समोरची इमारत जेमतेम 3 मीटरवर आहे. ऊन वरच्या मजल्यांपर्यंत येतं आणि तिथेच अडतं. 2018 साली डॉक्टरांच्या एका संस्थेने इथल्या क्षयरोगाचा अभ्यास केला, तेव्हा खालचे मजले आणि आजार यांचा संबंध समोर आला. पाहणाऱ्याला वाटतं, असा नकाशा पास झालाच कसा? तो नियमानेच पास झाला. तो नियम कुठून आला, हे समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, कारण मुंबईत घरबांधणीच्या नियमांची सुरुवातच उजेडापासून झाली होती.

1896 मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले आणि शहराची झोप उडाली. कोंदट, अंधाऱ्या खोल्या हेच रोगाचं घर, असं सरकारचं मत झालं आणि 1898 च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. ट्रस्टने दाट वस्त्यांतून रस्ते काढले, चाळी पाडल्या. पाडलेल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कमी पडल्या, आणि उठवलेली बिऱ्हाडं शेजारच्या चाळींतच कोंबली गेली. तरीही ट्रस्टची एक देणगी मान्य करायला हवी. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडाचं मोजमाप ठरवलं. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. सोप्या भाषेत, इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी हवी. हा हिशेब गवंड्यालाही कळेल असा होता, आणि त्याच्या मध्यभागी खोलीत राहणारा माणूस होता.

याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत मध्यमवर्गाला एक नवं घर मिळालं. प्लॉटभोवती मोकळी जागा सोडायची, मजले मोजकेच, आणि संडास-न्हाणीघर बिऱ्हाडाच्या आत. मराठी घरांत त्याला ‘ब्लॉक’ म्हणू लागले. घरातच संडास ही कल्पना अनेकांना सुरुवातीला पटत नव्हती. सोवळ्याचा प्रश्न होता. हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतींत आजही आडवा वारा वाहतो, तो त्या अटींमुळे.

कामगारांच्या वाट्याला मात्र चाळच आली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) निघालं. कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर बसवून 50,000 खोल्या बांधायच्या असा बेत होता. बांधून झाल्या सुमारे 16,000. त्याच बीडीडी चाळी : वरळीत 121, नायगावात 42, ना. म. जोशी मार्गावर 32, शिवाय शिवडीच्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. एकाच शहरात, जवळपास एकाच काळात, दोन माणसांसाठी घराच्या दोन व्याख्या पक्क्या झाल्या. ती फाळणी पुढे कधी मिटली नाही.

खासगी चाळीचा शेवट वेगळ्याच कायद्याने केला. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता, आणि या कायद्याने लाखो माणसं शहरात टिकली हे विसरता येत नाही. पण भाडं तिथेच राहिलं आणि चुना-सिमेंट महागत गेलं. मालकाने दुरुस्ती सोडली, पागडीचा व्यवहार रुजला, भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणं कुणालाच परवडेना. पुढची घरं बांधली गेली ती विकण्यासाठी. चाळ हा प्रकार कुठल्याही नियमावलीने बंद केला नाही. तिचं गणितच बसेनासं झालं. इमारती कोसळू लागल्या तेव्हा 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि शहरातल्या 19,642 जुन्या इमारतींवर उपकर बसला. ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द तिथून आला.

तोवर नियमांचा पायाच बदलला होता. 1964 च्या विकास आराखड्यासोबत एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, मुंबईत आला. 1,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 1.33 एफएसआय असेल तर एकूण 1,330 चौरस मीटर बांधकाम, मग मजले कितीही करा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहराला 1.33 आणि उपनगरांना 1 असे आकडे दिले. माझ्या मते मुंबईच्या घरांच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. आधीचा नियम विचारायचा, या खोलीत उजेड येतो का. नवा विचारतो, या प्लॉटवर किती चौरस फूट बसतात. मोकळ्या जागांच्या अटी नियमावलीत राहिल्या, पण भांडण, वाटाघाट आणि पैसा सगळा फुटांभोवती गोळा झाला. टीडीआर, म्हणजे एका प्लॉटचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची सोय, आल्यावर तर जमिनीपासून सुटलेला हा फूट बाजारात विकलाही जाऊ लागला.

याचा परिणाम घराच्या आत दिसतो. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे हे भाग एफएसआयमध्ये धरले जात नव्हते, म्हणून 2000 नंतरच्या इमारतींत खिडकीखाली भलेमोठे फ्लॉवर बेड दिसू लागले. त्यांत फुलं क्वचितच लागली. ताबा मिळाल्यावर भिंत काढून ते खोलीत घेतले जात. 2012 च्या जानेवारीत हे सगळं मोजणीत आणलं गेलं आणि बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, एफएसआय मिळाला. वर्षानुवर्षं आपण ज्या खोल्यांत झोपतो, त्यांचा आकार असा एका सवलतीने ठरतो आणि ती रद्द झाली की बदलतो.

झोपडपट्टीचं कलम उशिरा आलं. 1971 च्या कायद्याने झोपडपट्टी क्षेत्र घोषित करण्याची तरतूद केली, 1976 मध्ये झोपड्यांची गणना झाली, झोपडीधारकांना फोटोपास, म्हणजे ओळखपत्रं, मिळाले. 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं : झोपडीवासीयाला 225 चौरस फुटांचं घर मोफत, बिल्डरला विक्रीसाठी जादा बांधकाम. हे घर पुढे 269 आणि मग 300 चौरस फुटांचं झालं. फुकट घर म्हणून टीका करणाऱ्यांनी नियमातली दुसरी बाजू वाचावी. हेक्टरी किमान 500 घरं बसवायची अट होती, पुढे ती 650 झाली. इतकी घरं बसावीत म्हणून दोन इमारतींमधल्या अंतरात सवलत दिली गेली. प्रकल्पबाधितांच्या वसाहतींनाही तशाच सवलती मिळाल्या. नटवर पारेख कंपाउंडमध्ये रस्ते आणि रेल्वेच्या कामांसाठी हलवलेली कुटुंबं राहतात. समोर 3 मीटर जागा असेल तर ऑर यांच्या हिशेबाने इमारत 6 मीटरची हवी, म्हणजे दोन मजली. तिथे सात मजल्यांपेक्षा कमी काही नाही. ज्यांच्या आरोग्यासाठी म्हणून हे नियम जन्मले, उजेडाची अट नेमकी त्यांच्यासाठीच सैल झाली, हे मला कितीही वेळा वाचलं तरी पचत नाही.

2018 च्या नियमावलीने एफएसआय समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडला, पण कलमांची उतरंड तशीच ठेवली. सेस इमारत 33(7) मध्ये, समूह पुनर्विकास 33(9) मध्ये, झोपडपट्टी 33(10) मध्ये. बीडीडी चाळींसाठी 33(9)(ब) असं स्वतंत्र कलम आहे. 160 च्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं घर त्यातूनच मिळतं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. त्याच वरळीत झोपडीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाला 300 मिळतात. म्हणून पुनर्विकासाची पहिली बैठक बसली की बिल्डर कोण, टॉवर किती मजल्यांचा, याआधी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, आपण ‘तेहतीस-सात’मध्ये की ‘तेहतीस-दहा’मध्ये?