बारी आणि बोली: ऑल-टाइम इलेव्हनचा ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे

१८ डिसेंबर २०२२, रविवार. सावद्याजवळच्या मळ्यात आमचा भरताचा बेत होता. तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती, बडगीत मिरची-लसूण ठेचणं चालू होतं आणि खाटेवर ठेवलेल्या लॅपटॉपवर कतारमधल्या लुसैलची फुटबॉल वर्ल्डकप फायनल. अर्जेंटिना ३, फ्रान्स ३, मग पेनल्टीवर ४-२. मेसीने कप उचलला आणि पाचव्या मिनिटाला वाद पेटला: पेले मोठा, मॅराडोना मोठा की हा? रात्री दोनपर्यंत कोणी उठायला तयार नव्हतं. आमची लीग त्या वादातून निघाली. आठ दोस्त, आठ टीम, प्रत्येकाचे १४ खेळाडू, कुठल्याही काळातले. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळणार नाही.

ग्रुपवर निरोप गेला, "पुढच्या रविवारी ड्राफ्ट." अमळनेरचा मित्र जय्यत तयारीने आला. वहीत दीडशे नावं आणि प्रत्येक नावापुढे किंमत: पेले ४०, क्रायफ ३०, माल्दिनी १५. वही बघून बाकीचे गप्प झाले, कारण त्या दिवशी किमतीचा प्रश्नच नव्हता. ड्राफ्ट होता, लिलाव नव्हता. त्याची चूक म्हणता येणार नाही. २० फेब्रुवारी २००८ला आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि धोनी १५ लाख डॉलरला चेन्नईकडे गेला. तेव्हापासून टीम बनवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातोडाच येतो. त्यामुळे ड्राफ्ट आणि ऑक्शन हे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. खेळायला बसलं की मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ड्राफ्ट म्हणजे बारी. पांझरेच्या काठच्या पाणीवाटपाच्या जुन्या फड पद्धतीत पाटकरी ज्या शेताची बारी असेल त्याला पाणी देतो. शेजाऱ्याकडे जास्त पैसे आहेत म्हणून त्याचं शेत आधी भिजत नाही. ड्राफ्टही असाच चालतो. तुमचा नंबर आला की उरलेल्यांतला हवा तो खेळाडू तुमचा, त्याला किंमत नाही. खर्च होते ती तुमची बारी. लहानपणी मैदानात दोन कॅप्टन 'एक तुझा, एक माझा' करत पोरं वाटून घ्यायचे, तोही ड्राफ्टच होता. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलने १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट घेतला आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या टीमला पहिली बारी दिली, म्हणजे पैसेवाल्या टीमांनी सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत.

लिलाव म्हणजे बाजार समितीतली हर्राशी. तिथे बारी नसते, बोली असते. मेसी सगळ्यांनाच हवा असेल तर सगळे बोलतील आणि ज्याच्या खिशात दम आहे तो घेऊन जाईल. खर्च होतो तो पैसा. आम्ही पैशाच्या जागी प्रत्येकाला १०० पॉइंट देतो.

आपल्या इंडियन सुपर लीगने हे दोन्ही प्रकार करून बघितले आहेत. २०१४ला पहिल्या हंगामासाठी भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. २०१५ला काही निवडक खेळाडूंसाठी लिलाव झाला आणि सुनील छेत्री १ कोटी २० लाखांना मुंबई सिटीकडे गेला.

अजून एक घोळ असतो, तो लगेच मिटवतो. फँटसी प्रीमियर लीग या इंग्लिश लीगवरच्या ऑनलाइन खेळात १०० मिलियन पौंडांत १५ जणांचा स्क्वाड बसवायचा असतो. तिथे पैसा आहे म्हणून अनेकांना तो लिलाव वाटतो. पण तिथे बोली लागत नाही आणि एकच हालांड लाखो लोकांच्या टीममध्ये असतो. ती खरेदीची यादी आहे. ड्राफ्ट आणि लिलाव या दोन्हींत खेळाडू एकाचाच होतो, आणि जीव खालीवर होतो तो त्यामुळेच.

आता ड्राफ्टमधला हिशेब. आठ जण १ ते ८ असे घेत गेले आणि दुसऱ्या फेरीत परत १ पासून सुरुवात झाली, तर पहिल्या नंबरवाल्याची कायमची चांदी. म्हणून फेरी नागमोडी फिरवतात: १ ते ८, मग ८ ते १. पहिल्याला १ला, १६वा आणि १७वा खेळाडू मिळतो. आठव्याला ८वा आणि ९वा लागोपाठ, मग थेट २४वा आणि २५वा. मधल्या चौथ्याला ४, १३, २०, २९. टोकावर बसणाऱ्याला जोडी मिळते, पण त्यानंतर १४ नावं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत बसावं लागतं. मी पहिल्या वर्षी आठवा होतो. बेकेनबाउर आणि डी स्टेफानो एका दमात घेतले आणि खूश झालो. १९५६ ते १९६० असे सलग पाच युरोपियन कप जिंकून पाचही फायनलमध्ये गोल करणारा डी स्टेफानो नवव्या नंबरला मिळाला होता! मग ती १४ नावं सुरू झाली. कोणीतरी माल्दिनी घेतला. पुढच्याने घाईने रॉबर्टो कार्लोस, त्याच्या पुढच्याने फाकेत्ती, आणि परत येताना निल्टन सांतोसही गेला. माझी बारी आली तेव्हा डाव्या बगलेचे बचावपटू, म्हणजे डावे बॅक, त्यांतले पहिले चौघे संपले होते.

ड्राफ्टमध्ये खेळाडू किती मोठा आहे याच्याइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा असतो: हा गेला तर माझ्या पुढच्या बारीपर्यंत त्याच जागेवर कोण उरेल? गोलकीपरचं उदाहरण घ्या. लेव याशिन हा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळवणारा एकमेव गोलकीपर, १९६३चा. म्हणून आमच्या रेल्वेतल्या मित्राने त्याला दुसऱ्याच फेरीत घेतला. पण त्याच्यामागे बँक्स, झॉफ, मायर, श्मायकेल, कान, बुफॉन, कासियास, नॉयर अशी रांगच उभी आहे. आठ टीमांना आठ कीपर लागतात आणि नवव्यापर्यंत दर्जा फारसा उतरत नाही. मग दुसरी फेरी तिथे का घालवायची? डाव्या बॅकचं उलट आहे. पहिले चार-पाच गेले की उतार एकदम लागतो. स्ट्रायकर तर पोत्याने आहेत: पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल करणारा गर्ड म्युलर तिसऱ्या फेरीपर्यंत टिकलेला मी पाहिला आहे. म्युलर माल्दिनीपेक्षा लहान आहे असं कोणी म्हणणार नाही. बारी मात्र माल्दिनीसाठी आधी खर्चावी लागते.

लिलावात हा हिशेब असाच्या असा लावला तर हात पोळतात. तिथे डावा बॅक कमी आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे तुटवडा बोलीतच चढतो. तिथली नजर किमतीवर हवी. आठ जणांचे मिळून ८०० पॉइंट आणि घ्यायचे ११२ खेळाडू, म्हणजे सरासरी माणशी सातच्या थोडी वर. पहिल्या दहा नावांवर ४०० उडाले, तर उरलेल्या १०२ खेळाडूंसाठी ४०० राहतात, म्हणजे चारही धड नाहीत. ज्याने सुरुवातीला हात आखडता घेतला त्याला पुढे मातीमोल भावात सोनं मिळतं. बाजारात दुपारनंतर राहिलेल्या मालाचा भाव उतरतो, तसंच. पण सगळ्यांनीच वाट बघायची ठरवली तर पहिला मोठा माल स्वस्तात जातो. दुसऱ्या वर्षी आम्ही लिलाव घेतला आणि पहिलंच नाव मॅराडोनाचं निघालं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले आणि तो २४ला गेला. १९८६च्या वर्ल्डकपमध्ये पाच गोल करून अख्खी टीम खांद्यावर नेणारा मॅराडोना २४ला! तासाभराने प्लातिनीसाठी ३१ मोजले गेले.

लिलावात एक नियम लिहूनच ठेवावा. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी किमान एक पॉइंट राखलाच पाहिजे. १४ जागा असतील तर पहिली बोली जास्तीत जास्त ८७ची. नऊ खेळाडू घेऊन झाले आणि १२ पॉइंट उरले, तर पाच जागांपैकी चारसाठी एकेक बाजूला ठेवा, बोली आठच्या वर जाणार नाही. हा नियम नव्हता तेव्हा एकाची टीम अकराव्या खेळाडूवरच अडली आणि रात्री साडेअकराला सगळ्यांनी वर्गणी काढल्यासारखे पॉइंट दिले. त्यात लीगचा समतोल गेला.

बारीला लिलावातही एक जागा आहे, आणि घोळाचं खरं मूळ तिथेच असावं. बोलीसाठी पुढचं नाव कोणी काढायचं, हे आळीपाळीने ठरतं. नवा माणूस बारी आली की स्वतःला हवा असलेला खेळाडू पुकारतो, कारण त्याच्या डोक्यात ड्राफ्ट असतो. अमळनेरचा मित्र पहिल्या लिलावात "मनी बारी शे!" म्हणत क्रायफचं नाव घेऊन बसला आणि दुसरे बोलायला लागल्यावर चिडला. बारी त्याची होती, खेळाडू नव्हता. मुरलेला माणूस स्वतःला नको असलेलं मोठं नाव आधी काढतो आणि दुसऱ्यांचे खिसे हलके करतो.

दोन्हींच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: खेळाडू ऐन भरातला धरायचा की सगळ्या कारकिर्दीचा. ब्राझीलचा रोनाल्डो १९९६-९७ला बार्सिलोनासाठी ४९ सामन्यांत ४७ गोल करत होता. त्या वर्षाचा धरला तर पहिल्या पाचात, पुढची गुडघ्यांची वर्षं धरली तर खाली. व्हॅन बास्टनने तीन बॅलन डी'ओर घेतले आणि शेवटचा सामना १९९३ला, तिशीच्या आत खेळला. उलट माल्दिनी मिलानसाठी ९०२ सामने खेळला. आम्ही ऐन भर धरतो. टीम झाल्यावर दोन मॅनेजर पाच-पाच मिनिटं आपली बाजू मांडतात आणि बाकीचे सहा जण मत देतात. त्यात 'त्या वर्षीचा तो' डोळ्यांपुढे उभा करता येतो.

मला विचाराल तर नव्या मंडळींनी ड्राफ्टने सुरुवात करावी. एक पुण्यात, एक सुरतेला, एक नाइट ड्यूटीवर असला तरी ड्राफ्ट ग्रुपवर दोन-तीन दिवस सावकाश चालतो. जो तो बारी आली की नाव टाकतो. लिलावाला आठही जण एका जागी लागतात, एक खमक्या पुकारणारा लागतो आणि चार तास लागतात. पण खेळाडूवर खरं प्रेम किती, हे बोलीतच कळतं. ड्राफ्टमध्ये नशिबाने चिठ्ठी आठवी निघाली तर पेले कधीच मिळत नाही. लिलावात मिळतो, फक्त बाकीची टीम काटकसरीत उभी करावी लागते.

आमच्याकडे प्रत्येक टीममध्ये एक भारतीय सक्तीचा आहे. ड्राफ्टमध्ये ती नावं शेवटच्या फेरीत एकेक करून जायची: चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, थंगराज, भुतिया, छेत्री. कोणी थांबून बघायचं नाही, त्याचं मला वाईट वाटायचं. लिलावाच्या रात्री साडेदहाला जर्नेलसिंगचं नाव निघालं. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये डोक्याला जखम झालेली असताना हा सेंटर-बॅक पुढे फॉरवर्ड म्हणून खेळला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या फायनलमध्ये त्याने गोल केला. भारत २-१ जिंकला, दुसरा गोल पी. के.चा. मी एक म्हटलं. रेल्वेतला मित्र दोन म्हणाला. तीन, चार, पाच. माझ्याकडे दहा उरले होते, दोन जागा रिकाम्या होत्या, म्हणजे नऊच्या पुढे जाता येत नव्हतं. तो आठवर थांबला. मी नऊ म्हणालो आणि वहीत त्याचं नाव सेंटर-बॅकच्या जागी लिहिलं, बेकेनबाउरच्या शेजारी. शेवटची जागा एका पॉइंटात भरली.