पाळण्याची कडी आणि घरची होडी

भाच्याचं शेत हिडकलच्या जलाशयाच्या काठाजवळ, हुक्केरी तालुक्यात आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दिवाळीत भाचा मोबाइलवर तीन चित्रं घेऊन बसला. एक लांब, अरुंद कयाक, एक रुंद आणि सपाट तळाची उघडी होडी आणि तिसरा चार ड्रम बांधून केलेला तराफा. "मामा, प्लायवूड आणून घरीच बांधतो. चौघं बसलो पाहिजे, वल्ही मारायची. यातली कुठली करू?" शेजारी बसलेले त्याचे सासरे म्हणाले, "जड कर. जड होडी उलटत नाही. गुऱ्हाळाची काईल बघितलीस नव्हं पुरात?"

काईल मी लहानपणी दूधगंगेच्या काठी पाहिली आहे. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई पुराच्या पाण्यात घालून माणसं पलीकडे जायची. ती सहसा उलटत नाही हे खरं, पण त्याचं कारण वजन नाही. कारण काय हे कळलं की तीन चित्रांतलं कुठलं निवडायचं तेही कळतं, म्हणून हा लेख.

आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत झालेलं असतं: होडीचं आणि माणसांचं मिळून जितकं वजन, तितक्या वजनाचं पाणी ती बाजूला सारते. भाच्याचं कुटुंब ७५, ६०, २० आणि १५ किलोचं. ६ मिलिमीटर प्लायच्या तीन शीटची होडी साधारण ३५ किलो, वर पाच किलोची पिशवी. एकूण २१० किलो, म्हणजे २१० लिटर पाणी सरलं की होडी तरंगली. पण तरंगणं वेगळं आणि सरळ राहणं वेगळं. ओंडकासुद्धा तरंगतो, त्यावर बसून दाखवा!

वजन खाली ओढतं ते गुरुत्वमध्यातून. पाणी वर ढकलतं ते सारलेल्या पाण्याच्या मध्यातून, त्याला आपण प्लावनमध्य म्हणू. होडी सरळ असताना दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. आता मुलगी डाव्या काठावर वाकली. होडी डावीकडे कलली, डावी बाजू पाण्यात जास्त गेली, उजवी थोडी वर आली. सारलेल्या पाण्याचा आकार बदलला, म्हणून प्लावनमध्य डावीकडे सरकला आणि वरचा रेटा आता तिथून लागू लागला. या नव्या जागेतून सरळ वर रेघ ओढा. होडीच्या मधल्या रेषेला ती जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. फ्रेंच गणिती पिएर बुगेर पृथ्वीचा आकार मोजायला अँडीज पर्वतात गेला होता. जहाजांवरच्या आपल्या १७४६ सालच्या ग्रंथात त्याने हा बिंदू मांडला. तोवर जहाज बांधणारे अनुभवाने बांधत, पण उलटेल की नाही हे पाण्यात उतरवण्याआधी कागदावर काढायची रीत नव्हती.

मला हा बिंदू पाळण्याच्या कडीसारखा दिसतो. आढ्याच्या कडीला टांगलेला पाळणा ढकलला तर झुलतो आणि परत जागेवर येतो, कारण वजन कडीच्या खाली आहे. होडीसुद्धा त्या न दिसणाऱ्या कडीला टांगलेली असते. गुरुत्वमध्य कडीच्या खाली असेल तर कललेली होडी परत सरळ होते, कडीच्या वर गेला तर होडी सरळ राहू शकत नाही. थोड्या कलण्यापुरतं हे अगदी नेमकं लागू पडतं.

मग ही कडी उंच कशी टांगायची? रुंदीने. कललेल्या होडीची एका बाजूला जी पाचर पाण्यात उतरते, तिची रुंदी होडीच्या रुंदीवर ठरते आणि जाडीही त्याच रुंदीवर. म्हणजे पाचरीचं आकारमान रुंदीच्या वर्गाने वाढतं. शिवाय ही पाचर उजवीकडून डावीकडे किती लांब सरकली, तेही रुंदीवरच अवलंबून. वर्ग गुणिले आणखी एकदा रुंदी, म्हणून घन. प्लावनमध्यापासून कडीची उंची रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि सारलेल्या पाण्याच्या आकारमानाने भागली जाते. आता सासऱ्यांचं म्हणणं तपासा: वजन भागाकारात आहे. त्याच होडीत ओझं वाढलं की कडी बहुतेक खालीच येते. ओझं अगदी तळाशी ठेवलं तरच त्याचा उपयोग होतो, कारण मग गुरुत्वमध्यही खाली येतो.

आकडे घालू. पाण्याच्या रेषेवर चार मीटर लांब आणि दोन्ही टोकं निमुळती अशी होडी धरली. रुंदी ६० सेंटिमीटर असेल तर कडी तळापासून सुमारे २६ सेंटिमीटरवर येते. रुंदी ८० केली तर ५० वर. रुंदी एक तृतीयांशाने वाढली, पण घनाचा हिशेब सव्वादोनपटींच्या वर गेला. चौघं २० सेंटिमीटर उंच फळ्यांवर बसले तर सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य साधारण ३८ वर येतो. अरुंद कयाकमध्ये हे कुटुंब बसताक्षणी पाण्यात जाईल. ८० च्या होडीत १२ सेंटिमीटर हाताशी राहतात. पण बापाने फोटो काढायला उभं राहायचं ठरवलं तर? त्याचं एकट्याचं वजन अर्ध्या मीटरने वर जातं आणि सगळ्यांचा गुरुत्वमध्य ५६ वर पोहोचतो, कडीच्या वर. बसल्यावर होडी शांत होती म्हणून उभं राहिल्यावरही शांत राहील, हा समज या एका वजाबाकीत संपतो. काईल तर सात-आठ फूट रुंद. तिची कडी इतकी उंच असते की माणसं उभी राहिली तरी चालतं. हंपीकडे तुंगभद्रेत चालणारी हरिगोल नावाची गोल होडीही त्याच गणितावर तरते. मात्र दोन्ही गोल असल्यामुळे जागच्या जागी फिरतात, आणि मुलांच्या हाती वल्हं देऊन काईल सरळ चालवता येत नाही.

एवढ्यावरून "रुंद घ्या" म्हणून थांबलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं. रुंदी उलटीही लागते, आणि मला हाच भाग सगळ्यांत विलक्षण वाटतो. होडीत पाणी आलं की ते आतल्या आत कललेल्या बाजूला धावतं. आतल्या या पाचरीचा हिशेबही तोच, रुंदीचा घन, फक्त तो कडी खाली आणतो. ८० च्या होडीच्या ६५ सेंटिमीटर रुंद, सपाट, मोकळ्या तळावर तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे पन्नास लिटर. त्याने होडी बुडत नाही, पण मघाचे बारा सेंटिमीटर पुसून टाकायला ते पुरतं. वारा सुटला, दोन लाटा काठावरून आत आल्या, घाबरून सगळे एका बाजूला सरकले, की रुंद होडीसुद्धा उलटते.

याचा उपाय होडी बांधतानाच करावा लागतो. दोन्ही बाजूंना आतून बारा-बारा सेंटिमीटर रुंदीच्या हवाबंद पेट्या केल्या, तर तळाचं मोकळं पाणी ६५ ऐवजी ४१ सेंटिमीटर रुंदीत अडकतं. घनामुळे तोटा चौथ्या हिश्श्यावर येतो. पुढे-मागे आणखी दोन पेट्या केल्या की मिळून दोनशे लिटरच्या आसपास हवा होते आणि पाण्याने भरलेली होडीही खाली जात नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी घरी बांधलेल्या मिरर नावाच्या छोट्या शिडाच्या होडीत अशाच पेट्या होत्या. बांधायची रीतही तीच: प्लायच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांधे इपॉक्सीसारखं चिकट रेझिन व काचतंतूच्या पट्टीने भरायचे. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० ची, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाची खूण बघा. या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. नेहमीच्या फर्निचरच्या प्लायचे थर सुटतात. इंटरनेटवर "कधीच न उलटणारी" म्हणून जे नकाशे विकतात, त्यांत मी आधी या पेट्या शोधतो.

ड्रमचा तराफा नकोच. ड्रम बुडत नाहीत, पण त्यांच्यावर मारलेल्या फळ्यांवर सगळं वजन उंच बसतं, आणि वाऱ्यात तो वल्ह्याला दाद देत नाही.

आमच्याकडे प्रत्येक डोहाबद्दल "दर वर्षी एक बळी घेतो" असं बोलतात. खण-नारळाने नदीची ओटी भरणं ही आपली माया आहे, मीही भरतो. पण डोह काही घेत नाही. माणसं जातात ती होडीत उभं राहिल्याने, लाइफ जॅकेट न घातल्याने आणि बंधाऱ्यामुळे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली स्वतःवरच उलटं फिरतं आणि तरंगणाऱ्या वस्तूला परत बंधाऱ्याकडे ओढतं. चांगला पोहणाराही त्यातून सुटत नाही. बंधाऱ्याच्या वर किंवा खाली, कुठेही होडी घालू नका. पावसाळ्यात तर नदीत नकोच, वरच्या धरणातून पाणी केव्हा सुटेल ते काठावर बसून कळत नाही.

जॅकेटबद्दलही कडीचंच शास्त्र. आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला रिकामा डबा बांधून. डबा पाठ वर ठेवतो, म्हणजे शुद्ध हरपलेल्या मुलाचं तोंड पाण्यात ठेवतो. चांगल्या जॅकेटमध्ये फोम छातीवर आणि मानेमागे असतो, त्यामुळे तोंड आकाशाकडे वळतं. मुलाच्या वजनाचंच घ्यावं आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं.

भाच्याने मधली होडी निवडली, बाजूच्या पेट्यांसह. पहिली चाचणी शेततळ्यात घेऊ का, म्हणून विचारत होता. नको म्हटलं, त्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, पडलेला माणूस बाहेर येत नाही. धरणाच्या काठाला कमरेइतक्या पाण्यात, मुलं घरी ठेवून, होडी मुद्दाम काठोकाठ भरायची आणि दोघा मोठ्यांनी आत बसून बघायचं. उतरायची परवानगी त्याने पाटबंधारे खात्याकडे मागितली आहे. फळ्यांची उंची त्याने नकाशातल्या २० वरून १२ सेंटिमीटर केली आहे. गुरुत्वमध्य ३८ वरून ३२ वर आला.