ग्रामीण रस्ते निधी (कोल्हापूर जिल्हा)

गावाला शेजारच्या गावाशी, तालुक्याशी आणि बाजारपेठेशी जोडणारे रस्ते बांधण्यासाठी, सुधारण्यासाठी व दुरुस्त ठेवण्यासाठी मिळणारा सरकारी पैसा. हा पैसा एका थैलीतून येत नाही. रस्त्याचा दर्जा काय, यावर त्याचा मालक ठरतो आणि मालकावर थैली. महाराष्ट्रात राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेकडे असतात. खड्डा सारखाच असला तरी अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा, हे या आद्याक्षरांवर अवलंबून असते. त्यामुळे आमदारांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचा आग्रह रस्त्याची ‘दर्जोन्नती’ व्हावी, म्हणजे तो वरच्या दर्जात जावा, असा असतो.

कार्यालयात योजनांच्या नावांपेक्षा लेखाशीर्षांचे, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या खात्यांचे, आकडेच जास्त ऐकू येतात. ‘तीस चोपन्न’ (३०५४) म्हणजे रस्ते-पुलांचा महसुली खर्च, त्यातच देखभाल-दुरुस्ती. ‘पन्नास चोपन्न’ (५०५४) म्हणजे भांडवली काम. ‘पंचवीस पंधरा’ (२५१५) म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत सुविधांची कामे. जिल्ह्याच्या वाट्याचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीतून वाटला जातो. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी वेगळा. वित्त आयोगाचे अनुदान ग्रामपंचायतीला थेट मिळते, मात्र त्याचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेला बांधलेला असल्याने रस्त्याला उरते थोडे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगरी भागात २५० लोकसंख्येच्या न जोडलेल्या वस्त्यांपर्यंत बारमाही रस्ता नेणे, हे तिचे मूळ उद्दिष्ट. सुरुवातीला सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून केंद्र ६० व राज्य ४० टक्के असे प्रमाण झाले. राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजना २०१५ सालची. केंद्राच्या योजनेत काम करणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते आणि रस्त्याच्या तोंडाशी लांबी, खर्च, मुदत लिहिलेला फलक लागतो. पाच वर्षे सरली की फलकाचा रंग उडतो आणि रस्ता जिल्हा परिषदेच्या दुरुस्तीच्या यादीत जाऊन बसतो. खरी ओढाताण इथून पुढे. नव्या कामाला नारळ फुटतो, फोटो निघतो. साइडपट्टी (डांबराच्या कडेची कच्ची पट्टी) भरणे, रस्त्याखालची पाण्याची मोरी साफ करणे, गटार मोकळे करणे या कामांना उद्घाटन नसते, त्यामुळे मागणीही कमी. डांबराचा वैरी पाणी, हे गँगमनलाही (रस्त्यावरच्या मजुरालाही) ठाऊक असते; तरीही तुंबलेल्या गटारापेक्षा कार्पेटचाच (वरच्या नव्या डांबरी थराचाच) प्रस्ताव आधी जातो.

कोल्हापुरात ही ओढाताण तीन कारणांनी वाढते. पहिले, पाऊस: पश्चिमेच्या गगनबावड्यात तो मुसळधार, पूर्वेच्या शिरोळात त्याच्या कितीतरी कमी. दुसरे, माती: पश्चिमेकडे जांभा, पूर्वेकडे पाण्याने फुगणारी नि उन्हात भेगाळणारी काळी जमीन. म्हणजे एकाच जिल्ह्यात दर किलोमीटर खर्चाचा एकच हिशेब चालत नाही. तिसरे, ऊस. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला की दुसऱ्याला साइडपट्टीवर उतरावे लागते. चाक डांबराच्या कडेवरून घसरते, कड तुटते, आणि तीन-साडेतीन मीटरचा रस्ता दरवर्षी दोन्ही बाजूंनी कुरतडला जातो.

त्यात महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मुळात पाणी अडवण्यासाठी, पण अनेक गावांची ये-जा त्यांवरूनच चालते. पावसाळ्यात ते बुडाले की वाहतूक लांबच्या रस्त्यावर जाते आणि तो रस्ताही खचतो. अशा वेळी ‘पूरहानी’च्या निधीची वाट पाहावी लागते. आधी पंचनामा, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा. तोवर दिवाळी होते आणि साखर कारखान्याचे बॉयलर पेटलेले असतात.

या साखळीत सर्वांत खाली पाणंद. शेतातून निघणाऱ्या या वाटेला बहुधा ग्रामीण मार्गाचाही क्रमांक नसतो. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग १६½ ते २१ फूट रुंद धरला जातो. जागेवर मात्र दोन्ही बांधांनी तो गिळलेला असतो आणि बैलगाडीपुरती चाकोरी उरते. नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीचा पैसा अशा वाटांसाठी वापरण्याची सोय झाली. रोजगार हमीत मजुरी व साहित्य यांचे प्रमाण ६०:४० राखावे लागते; खडी-मुरमाच्या कामात साहित्याचाच खर्च जास्त, म्हणून गणित जुळवायला मजुरीप्रधान कामे जोडावी लागतात. पैसा आला तरी आधी अतिक्रमण निघाले पाहिजे, आणि तिथे शेजारी म्हणजे बहुतेकदा भाऊबंदच. मोजणी अडली की बागायतदार हंगामाच्या तोंडावर एकरी वर्गणी काढतात, जेसीबी लावून मुरूम पसरतात आणि पहिली ट्रॉली बाहेर काढतात.