पाच सेकंदांचा समुद्र

बँडस्टँडच्या काळ्या खडकांवर सकाळी साडेदहाला लाटेचा फोटो काढला की पाणी फुटलेल्या काचेसारखं दिसतं, थेंबन्‌थेंब सुटा. कॅलेंडरवरचा तो दुधाळ, धुकं पसरल्यासारखा समुद्र काही केल्या येत नाही. त्यासाठी शटर काही सेकंद उघडं राहायला हवं, आणि मुंबईच्या उन्हात ते तसं ठेवलं तर फोटोत नुसता पांढरा कागद मिळतो.

फोटोग्राफर मंडळींचा एक जुना आडाखा आहे. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ ठेवलं (आकडा मोठा तितकं भोक बारीक), तर शटरची वेळ म्हणजे एक भागिले आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. अ‍ॅपर्चर आवळून एफ २२ केलं तरी फार तर पन्नासावा. शिवाय भोक जितकं बारीक, तितका प्रकाश त्यातून जाताना पसरतो. शाळेत शिकलेलं विवर्तन ते हेच. एफ २२ ला प्रकाशाच्या एका बिंदूचा डाग सुमारे ३० मायक्रॉनचा होतो, आणि सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो पाचेक मायक्रॉनचा. खडकाला चिकटलेली कालवंसुद्धा मग पुसट येतात.

म्हणून कॅमेऱ्याला गॉगल लावायचा. एनडी, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर ही करडी काच सगळे रंग सारख्याच प्रमाणात अडवते, निदान तसा तिचा दावा असतो. प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप. दहा स्टॉप म्हणजे दोनाचा दहावा घात, १०२४ पट कमी. बाजारात त्यालाच एनडी १००० म्हणतात. काही फिल्टरांवर मात्र ३.० लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक गोंधळतं. तो लॉगॅरिदमचा आकडा आहे, प्रत्येक स्टॉपला ०.३. दोन फिल्टर एकावर एक चढवले तर स्टॉपची बेरीज करायची आणि एनडीच्या आकड्यांचा गुणाकार: एनडी ८ आणि एनडी ६४ मिळून ५१२ पट, नऊ स्टॉप.

आता एफ ११ वर उन्हात सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. दहा स्टॉपचा फिल्टर लावला की तेच झाले पाच सेकंद.

या पाच सेकंदांत प्रत्येक पिक्सेल आपल्या वाट्याचा प्रकाश नुसता साठवत बसतो. खडक हलत नाही, त्यामुळे त्याचा काळेपणा तसाच राहतो. उडालेला थेंब एका जागी सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरता असतो. पाच सेकंदांच्या बेरजेत त्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी वेळेचा, म्हणून तो दिसतच नाही. फेसाचं गणित वेगळं. फेस म्हणजे हवेचे असंख्य बुडबुडे, ते सगळ्या रंगांचा प्रकाश उधळतात आणि आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कितीतरी उजळ असतात. एखाद्या जागी फेस थोडाच वेळ टिकला, तरी बेरजेत तोच भाव खाऊन जातो. खडकांच्या फटींत दूध साचल्यासारखं दिसतं ते यामुळे. असा समुद्र कुठल्याही एका क्षणी तिथे नसतो, ती सरासरी असते. मोबाइलमध्येही एकामागोमाग बरेच फोटो घेऊन त्यांची अशी सरासरी काढता येते, फिल्टरशिवाय.

फार लांबवण्यात मजा नाही, असं माझं मत. अर्ध्या-एक सेकंदात परतणाऱ्या पाण्याच्या रेघा दिसतात, त्याला जीव असतो. मिनिटभराच्या फोटोत समुद्राचा नुसता ढग होतो. वरळी कोळीवाड्याच्या बाजूने घेतलेल्या माझ्या एका फोटोत सी-लिंकचे केबल धारदार आहेत, नांगरलेल्या होड्या मात्र डोलून डोलून फराटे झाल्या आहेत. माणसांचंही तसंच. कठड्यावर बसलेलं जोडपं ठसठशीत येतं आणि त्यांच्याकडे बघत फेऱ्या मारणारे काका गायब.

माझा पहिला फिल्टर स्वस्तातला होता. घरी येऊन बघतो तर खडक जांभळट तपकिरी! बरेच गडद फिल्टर दृश्य प्रकाश अडवतात, पण अवरक्त किरणांना वाट देतात. सिलिकॉनच्या सेन्सरला मात्र हे किरण कळतात. सेन्सरपुढची काच त्यातले बहुतेक गाळते, थोडे निसटतात. एरवी ही गळती किरकोळ, पण दृश्य प्रकाश हजारपट घटवला की तिचं प्रमाण तितक्याच पटीने वाढतं. नागदेवी स्ट्रीटवर वेल्डिंगची दहा नंबरची काच मिळते, ती सुमारे सात हजार पट प्रकाश अडवते. पण तिचा हिरवा रंग काढता काढता संध्याकाळ होते.

फोकस फिल्टर लावण्याआधी करून घ्यायचा, नंतर डोळ्याला काही दिसत नाही. वारा असेल तर बॅग ट्रायपॉडलाच टांगायची. फिल्टर आहे म्हणून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे मुळीच बघायचं नाही.

आणि भरतीची वेळ. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट: चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची, पण या हिशेबाने अंदाज येतो. बँडस्टँडला पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या घळीत शिरतं, आणि तुमचे डोळे पाच सेकंद कॅमेऱ्याच्या काट्यावर असतात. चतुर्थी असली की मी बाराच्या आत ट्रायपॉड मिटतो, परतल्यावर काचेवरचं खारं पाणी गोड्या पाण्याने धुतो आणि मगच जेवायला बसतो.