आवाज चढवणं आणि आवाज पोहोचवणं

जानेवारी उजाडला की सोलापुरातल्या शाळांतून जानेवारी १९३१ मध्ये फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवरची भाषणं सुरू होतात. बाजूला उभे असलेले सर हमखास खुणावतात, "मोठ्यानं!" मूल बिचारं किंचाळायला लागतं. पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसतात, शेवटच्या रांगेला काही कळत नाही, आणि परीक्षक शेरा देतात : आवाज खणखणीत.

ओरडणं कुणाला शिकवावं लागत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात पलीकडच्या कामगाराला हाक मारायची तर तेच लागतं. पण हाक एका शब्दाची, भाषण वाक्यांचं. ओरडताना गळा आवळतो, पट्टी वर जाते. फुगतात ते फक्त स्वर. शब्द ज्यांमुळे ओळखू येतो ती व्यंजनं दबलेलीच राहतात. त्यात सभागृह घुमणारं असेल तर ताणलेला 'आ' पुढच्या दोन अक्षरांना गिळतो.

खरी गोम मात्र वाक्याच्या शेपटात आहे. आपलं क्रियापद शेवटी, नकारही शेवटी, आणि दमही नेमका तिथेच संपतो. "१९३० साली मार्शल लॉ लागला, पण सोलापूरकर मागे हटले नाहीत" हे एका दमात, जोरात म्हणून बघा. 'नाहीत' ओठांतच विरतं आणि मागच्या रांगेपुरते सोलापूरकर चक्क मागे हटतात! इथे अजून ओरडून काही होत नाही, कारण जितकं जोरात सुरू कराल तितका दम लवकर संपतो.

म्हणून सुरुवात जरा खालच्या पट्टीत करा. श्वास घेताना पोट पुढे यायला हवं. खांदे उचलले गेले तर तो श्वास वरवरचा. 'लागला'पाशी थांबा, नवा श्वास घ्या, मगच 'पण'. शेवटी 'ना-ही-त' तिन्ही अक्षरं सुटी. सरावाला भाषणातली दहा वाक्यं घ्या, प्रत्येकाच्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारा आणि कुणाला तरी वर्गाच्या किंवा अंगणाच्या टोकाला, तुमच्याकडे पाठ करून उभं करा. त्यानं फक्त ते दोन शब्द परत म्हणायचे. चुकला तर दोष तुमचा, त्याच्या कानांचा नाही. श्वास पुरतो का हे बघायला 'स्‌ऽऽऽ' असा एकसारखा आवाज पंधरा सेकंद न थरथरता टिकवून बघा.

हातवारे, नजर वगैरे नंतर. त्यावर उगाच फार बोललं जातं.

माईक असला की हे सगळं सोडून द्यायचं, हा समज सगळ्यात वाईट. माईक गिळलेलं अक्षर परत आणत नाही, फक्त किंचाळणं मोठं करतो. हातातला माईक तोंडापासून चार बोटं, किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटणार नाहीत. जाळी मुठीत धरू नका, शिट्टी वाजते. आणि माईक चालू आहे का हे त्यात फुंकून बघणं आता तरी बंद करा. पहिलं वाक्य बोलून बघा.