आतड्यातला खटका

माझ्या मामेभावाला वर्षभर संडासातून रक्त जात होतं आणि घरात सगळे मूळव्याधच धरून बसलेले, सोलापूरचा उन्हाळा, त्यात रोज भाकरीवर शेंगाचटणी, उष्णता वाढणारच. दुर्बिणीने तपासलं तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन व्रण पडण्याचा आजार. चटणी तर कधीच बंद केली होती, मग सूज का उतरेना? याचं मला पटलेलं उत्तर गणितातलं आहे.

आतड्याचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं, पेशी चादरीच्या विणीसारख्या घट्ट. वीण उसवली की बॅक्टेरिया आत शिरतात, मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं प्रथिन सोडतात, आणि तोच टीएनएफ वीण आणखी सैल करतो! की परत बॅक्टेरिया, परत टीएनएफ. ब्रेक लावायला रेग्युलेटरी टी पेशी असतात, त्या कमी पडल्या की झालं.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर सूज, उभ्यावर ती वाढण्या-ओसरण्याचा वेग. सूज ओसरण्याचा वेग म्हणजे सरळ चढती रेषा. सूज वाढण्याचा वेग मात्र एस आकाराचा, आधी जवळपास सपाट, मधे एकदम उसळी, वर परत सपाट. दोन्ही रेषा तीन ठिकाणी छेदतात. खालचा ठिपका निरोगी, वरचा आजारी, दोन्ही स्थिर. मधला अस्थिर, तो उंबरठा, सूज त्याच्या खाली असली तर आपोआप उतरते, जरा वर गेली की चढतच जाते. बाहेरून त्रास वाढला, समजा एखादं इन्फेक्शन, की एस वर सरकतो, खालचा आणि मधला ठिपका जवळ येत येत एकमेकांत मिसळून नाहीसे होतात आणि सूज थेट वरच्या ठिपक्यावर. इन्फेक्शन गेलं तरी ती तिथंच. दिव्याच्या बटणासारखं, खट झाल्यावर बोट काढलं तरी दिवा चालूच.

म्हणून 'आतडं साफ करणारी' पावडर आणि मंतरलेलं पाणी यांच्यावर पैसे घालवू नका, खटका त्यानं पडत नाही. क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजारासाठी, 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफलाच धरतं, म्हणजे एस खाली दाबतं. सगळ्यांना लागू पडत नाही, प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असेल तर असंच होणार.

भावानं मधे बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि दोन महिन्यांत रक्त परत सुरू. त्याच्या जुन्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला मी हाच आलेख काढून दाखवला. म्हणाला, मग मी आत्ता मधल्या ठिपक्याच्या खाली आहे का वर? मी म्हटलं, नेमकं कोणीच सांगू शकत नाही, पण आतली सूज संडासातल्या कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनावरून कळते. सोमवारी सॅम्पल दिलंय.